व्हर्च्युअल मशीनमधले विंडोज: आधी मशीन पक्के करा, मग की टाका

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि तेव्हापासून म्हापसा ते मडगाव एकाच तऱ्हेचे फोन येत आहेत. जुना पीसी बाजूला ठेवला, त्यातले टॅली किंवा हॉटेलचे जुने बिलिंग नव्या पीसीवर व्हर्च्युअल मशीन (पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालणारा दुसरा संगणक) करून त्यात चढवले, दोन दिवस मजेत चालले, आणि तिसऱ्या दिवशी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' उमटले. मग कोणीतरी ऑनलाइन तीनशे-चारशे रुपयांची की (विंडोज चालू करायचा पंचवीस अक्षरांचा कोड) आणतो. ती महिनाभर चालते, बंद पडते, आणि पुन्हा फोन.

अशी स्वस्तातली की न घेणाऱ्या बऱ्याच जणांची की खरी असते. चूक असते ती क्रमात. मशीनचे अंग अजून बदलायचे बाकी असताना ते की टाकून मोकळे होतात. आधी कळस, मग पाया. खालचा क्रम पाळलात तर हा गोंधळ होणार नाही.

आदेशांबद्दल एवढेच सांगतो. इथे 'एसएलएमजीआर' असे लिहिले आहे ती पाच रोमन अक्षरे. त्यानंतर एक जागा सोडायची, मग उजवीकडे झुकणारी तिरकी रेघ आणि तिला चिकटून मी सांगेन ती अक्षरे. हे सगळे कमांड प्रॉम्प्ट 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडूनच टाइप करायचे.

टप्पा १: कागद बघा, मशीनला हात लावू नका

लायसन्स आणि अ‍ॅक्टिव्हेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लायसन्स म्हणजे वापरायचा हक्क, आणि तो बिलावर व करारात असतो. अ‍ॅक्टिव्हेशन म्हणजे त्या हक्काची सर्व्हरने केलेली नोंद. नोंद झाली म्हणून हक्क मिळाला असे होत नाही. हक्क असूनही नोंद अडू शकते.

विंडोजच्या दृष्टीने व्हर्च्युअल मशीन हा स्वतंत्र संगणक आहे. विंडोज ११ च्या करारात स्पष्ट लिहिले आहे की एक लायसन्स म्हणजे एका उपकरणावर एकच प्रत, मग ते उपकरण खरे असो वा व्हर्च्युअल. होस्टवर, म्हणजे बाहेरच्या खऱ्या पीसीवर, विंडोज आहेच, त्यात आतले आले, हा समज इथेच सोडून द्या. एका पीसीत दोन व्हर्च्युअल मशीन चालवायची असतील तर होस्टचे एक आणि आतली दोन मिळून तीन लायसन्स लागतात.

तुमच्याकडे नेमके काय आहे हे कळण्यासाठी होस्टवर एसएलएमजीआर, तिरकी रेघ, डीएलआय असा आदेश द्या. एक छोटी खिडकी उघडेल. तिच्यातला 'चॅनल' शब्द शोधा.

ओईएम दिसले तर ते लायसन्स लॅपटॉपबरोबर आलेले आहे. नव्या लॅपटॉपची की मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये) बसवलेली असते आणि व्हर्च्युअल मशीनचे फर्मवेअर वेगळे असल्यामुळे ती आत दिसतच नाही. हे लायसन्स ज्या यंत्राबरोबर आले त्याच्याशीच बांधलेले असते. लॅपटॉप भंगारात गेला की तेही गेले. फर्मवेअरचा तो तक्ता व्हर्च्युअल मशीनमध्ये ओढून आणायच्या युक्त्या इंटरनेटवर भरपूर सापडतील. त्यांनी अ‍ॅक्टिव्हेशन होईलही, पण हक्क मिळणार नाही.

रिटेल असेल तर ते एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येते. एका व्हर्च्युअल मशीनसाठी छोट्या कार्यालयाने हेच घ्यावे. जीएसटी बिलावर 'रिटेल' हा शब्द लिहून घ्या, कारण दुकानदार बोलताना काहीही म्हणतो.

व्हॉल्यूम असेल, म्हणजे एमएके (अनेक यंत्रांना चालणारी एकच की) किंवा केएमएस (संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरकडून होणारी नोंद), तर लायसन्स संस्थेचे आहे. वेर्णाच्या एखाद्या कारखान्यात किंवा पर्वरीत घरून काम करणाऱ्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर हेच सापडेल. इथे आयटी विभागाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. सॉफ्टवेअर अ‍ॅश्युरन्स (व्हॉल्यूम लायसन्सला जोडून घेतलेला करार) असलेल्या एंटरप्राइज लायसन्सखाली एका यंत्रावर चार व्हर्च्युअल प्रतींपर्यंत मुभा असते. तुम्हाला नवे काही घ्यावेच लागणार नाही, असेही होऊ शकते.

नुसते शिकायचे किंवा तपासून बघायचे असेल तर पैसे घालवू नका. मायक्रोसॉफ्टची मूल्यांकन प्रत घ्या. विंडोज ११ एंटरप्राइजची ९० दिवसांची मिळते, विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची. मुदत संपली की ती दर तासाला आपोआप बंद पडते, म्हणून तिच्यावर कोणाचे हिशेब ठेवायचे नाहीत. विंडोज ११ ची मूल्यांकन प्रत की टाकून पक्की करता येत नाही, पुन्हा नव्याने बसवावी लागते. सर्व्हरची मात्र एडिशन (होम, प्रो, स्टँडर्ड अशी आवृत्ती) बदलून पक्की करता येते.

सर्व्हरवाल्यांसाठी थोडक्यात. लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर मोजतात आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअर धरावे लागतात. सगळे कोअर भरले की स्टँडर्डमध्ये दोन व्हर्च्युअल मशीन मिळतात, डेटासेंटरमध्ये हवी तितकी. होस्ट डेटासेंटर आणि हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजचीच सोय) असेल तर आतले विंडोज सर्व्हर इंटरनेटशिवाय होस्टकडूनच अ‍ॅक्टिव्हेट होतात. पण ही सोय आतल्या विंडोज ११ ला नाही.

*थांबा आणि तपासा:* बिल, चॅनल आणि एडिशन या तीन गोष्टी एका कागदावर लिहिल्या का? नसतील तर पुढे वाचून उपयोग नाही.

*सावधान:* कवडीमोल ऑनलाइन की बहुतेक वेळा कोणत्या तरी संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून फुटलेल्या असतात. ती संस्था जागी झाली की की बंद होते. 'केएमएस अ‍ॅक्टिव्हेटर' नावाची सॉफ्टवेअर तर हातानेच विषाणू घरात घेण्यासारखी. तुमचा जीएसटीचा पासवर्ड त्याच यंत्रात असतो हे विसरू नका.

टप्पा २: जुना पीसी आत ओढायचा की नवे मशीन बांधायचे

डिस्क-टू-व्हीएचडी सारख्या साधनाने अख्खा जुना पीसी फाइल होऊन आत येतो. सोपे दिसते म्हणून सगळे तेच करतात. अडचणी नंतर उभ्या राहतात.

जुन्या पीसीचे लायसन्स ओईएम असेल तर आत आलेल्या प्रतीला ते लागू नाही, नवे घ्यावेच लागेल. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीची असेल तर ती हायपर-व्हीच्या जनरेशन १ मशीनमध्येच सुरू होते, आणि जनरेशन १ ला व्हर्च्युअल टीपीएम (विंडोज ११ मागते ती सुरक्षेची चिप) देता येत नाही. म्हणजे विंडोज ११ कडे जायची सरळ वाट तिथेच बंद. विंडोज ७ किंवा ८ ची की टाकून विंडोज ११ चालू करायची सोयही सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने बंद केली आहे.

माझे मत विचाराल तर नवे विंडोज ११ मशीन बांधा, त्यात टॅली नव्याने बसवा आणि फक्त डेटाचा फोल्डर आणा. एक दुपार जाईल, पण पुढचा त्रास वाचेल. ज्या सॉफ्टवेअरची बसवायची सीडी हरवली आहे आणि बनवणारा गाव सोडून गेला आहे, त्यासाठीच पीसी ओढून आणायचा, आणि तोही इंटरनेट तोडून चालवायचा. कळंगुटच्या बाजूला अशी दोन-तीन बिलिंग अजून श्वास घेत आहेत.

टप्पा ३: मशीनचे अंग कायमचे ठरवा

सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात. अ‍ॅक्टिव्हेशनच्या वेळी विंडोज मशीनचे हार्डवेअर बघून त्याचा एक ठसा बनवते आणि सर्व्हरवर नोंदवते. व्हर्च्युअल मशीनमध्ये ते हार्डवेअर म्हणजे सेटिंगच्या फाइलमधले आकडे: यूयूआयडी (मशीनचा ओळख-क्रमांक), नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, डिस्कचा क्रमांक. हे आकडे एका क्लिकने बदलतात आणि बदलले हे तुम्हाला कळतही नाही. म्हणून की टाकण्याआधी सगळे ठरवून टाका.

१. फर्मवेअर यूईएफआय, सिक्युअर बूट चालू, टीपीएम २.० जोडलेले. हायपर-व्हीत जनरेशन २ निवडा, पिढी नंतर बदलता येत नाही. हायपर-व्हीसारख्याच व्हर्च्युअलबॉक्समध्ये ७.० पासून टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही आहेत. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये टीपीएमसाठी मशीन एन्क्रिप्ट करावे लागते. तो पासवर्ड टप्पा १ च्या कागदावर लिहा.

२. किमान दोन प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क. विंडोज ११ ची ही अट आहे. कामाला ४ जीबी अपुरी पडते, ८ द्या. रॅम नंतर वाढवली तरी सहसा अ‍ॅक्टिव्हेशन हलत नाही, पण आताच ठरवलेली बरी.

३. मॅक पत्ता स्थिर करा. हायपर-व्हीत तो 'डायनॅमिक' असतो आणि होस्ट बदलला की बदलू शकतो. 'स्टॅटिक' निवडून तोच आकडा कायम करा.

४. फोल्डरची जागा ठरवा. डेस्कटॉपवर बनवून मग डी ड्राइव्हवर, मग बाहेरच्या डिस्कवर असा प्रवास नको.

५. नेटवर्क 'नॅट' किंवा 'ब्रिज्ड' ठेवा. 'होस्ट ओन्ली' ठेवले तर आतून इंटरनेट दिसत नाही, आणि मग की चुकीची आहे असे वाटून माणूस तासभर अंक तपासत बसतो.

*तपासा:* मशीन बंद करून पुन्हा सेटिंग उघडा आणि मॅक पत्ता कागदावर उतरवा. पुढे वाद झाला की तोच साक्षीदार.

टप्पा ४: की न टाकता बसवा

इन्स्टॉलेशनमध्ये की मागितली की 'माझ्याकडे की नाही' हा पर्याय निवडा आणि पुढे एडिशन विचारल्यावर बिलावर असलेली नेमकी तीच निवडा. प्रोची की होमवर चालते का? चालली तर आधी एडिशन बदलते आणि तुमचा हिशेब विस्कटतो. होमची की प्रोवर तर चालतच नाही. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कित्येक लॅपटॉपवर 'होम सिंगल लँग्वेज' असते. ती होमपासून वेगळी एडिशन आहे. दोन्ही 'होम'च म्हणून लोक फसतात.

बसवून झाल्यावरही की नको. आधी ही कामे उरका: गेस्ट अ‍ॅडिशन्स किंवा व्हीएमवेअर टूल्स (आतल्या मशीनसाठीचे ड्रायव्हर) बसवा, सगळे अपडेट घ्या, संगणकाला नाव द्या, वेळेचा विभाग भारताचा करा. अपडेट चालू असताना पावसाळ्यातली वीज गेली तर आतले मशीन अर्धवट राहते. होस्ट यूपीएसवर असल्याशिवाय जून ते सप्टेंबर हे काम काढू नका.

घड्याळ नीट बघा. चवथीच्या सुट्टीला जाताना बरेच जण मशीन बंद न करता 'सेव्ह स्टेट' करून जातात. परत आल्यावर आतले घड्याळ कधीकधी त्याच जुन्या दिवसावर अडकलेले असते आणि सर्व्हर बोलायला तयार नसतो. केएमएसमध्ये तर चार तासांपेक्षा जास्त फरक असला तर थेट नकार मिळतो.

*तपासा:* सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट. एडिशन बिलाशी जुळते का? घड्याळ बरोबर आहे का? आतून एखादे संकेतस्थळ उघडते का?

टप्पा ५: आता की

रिटेल की आधी दुसऱ्या यंत्रावर असेल तर तिथून काढा. त्यासाठी तिथे एसएलएमजीआर, तिरकी रेघ, यूपीके. लक्षात घ्या, हा आदेश की फक्त त्या यंत्रातून पुसतो. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला तो काही कळवत नाही. त्यामुळे नव्या मशीनवर पहिल्यांदा नकार येऊ शकतो. जुन्या यंत्रावर ती चालू ठेवून नव्यावर टाकणे मात्र सरळ करारभंग.

मग व्हर्च्युअल मशीनमध्ये सेटिंग्ज, सिस्टम, अ‍ॅक्टिव्हेशन, 'चेंज प्रॉडक्ट की'. आदेशाने करायचे तर आयपीके आणि पुढे एक जागा सोडून पंचवीस अक्षरांची की, त्यानंतर वेगळा आदेश एटीओ.

झाले असे वाटले तरी एक्सपीआर चालवा. 'कायमचे अ‍ॅक्टिव्हेट' असे दिसले तर रिटेल किंवा एमएके नीट बसली. तारीख दिसली तर ते केएमएस किंवा मूल्यांकन आहे. दुकानातून 'कायमची रिटेल' म्हणून आणलेल्या कीवर इथे तारीख दिसली तर त्याच दिवशी दुकानात जा. सहा महिने थांबू नका.

शेवटी मायक्रोसॉफ्ट खाते जोडा आणि अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर 'डिजिटल लायसन्स तुमच्या खात्याशी जोडले आहे' असे वाक्य येते का पाहा. पुढे हार्डवेअर बदलले तर ट्रबलशूटरमधून हीच दोरी कामाला येते. खाते मालकाचे असावे. सेटअप करून देणाऱ्या मुलाचे नको, तो उद्या दुबईला जाईल.

यानंतरच मशीन पूर्ण बंद करून पहिला स्नॅपशॉट (परत जाता येईल अशी मशीनची जपलेली अवस्था) घ्या. अ‍ॅक्टिव्हेशनच्या आधीच्या स्नॅपशॉटवर परत गेलात तर मशीन पुन्हा की मागते.

टप्पा ६: क्लोन करणाऱ्यांसाठी

ही चूक मी स्वतः केली आहे. फोंड्याजवळच्या एका प्रशिक्षण वर्गासाठी एक मशीन छान सजवले आणि त्याच्या तीस प्रती काढल्या. संस्थेकडे केएमएस होते. केएमएस सर्व्हर विंडोज क्लायंटना तेव्हाच अ‍ॅक्टिव्हेट करतो, जेव्हा त्याच्याकडे किमान २५ वेगवेगळी यंत्रे हजेरी लावतात. विंडोज सर्व्हरसाठी हा आकडा ५ आहे. माझी तीस चालू होती आणि मोजणी १ वर अडकलेली. अर्धा दिवस फायरवॉल आणि पोर्ट १६८८ तपासण्यात गेला.

कारण साधे होते. प्रत्येक विंडोजला क्लायंट मशीन आयडी असतो. मी नुसती फाइल कॉपी केल्यामुळे तिसांचा आयडी एकच होता. सर्व्हरच्या दृष्टीने एकच माणूस तीस वेळा हजेरी लावत होता.

बरोबर क्रम असा. मूळ मशीन सजवा, पण त्यात रिटेल किंवा एमएके की टाकू नका. मग सिसप्रेप (विंडोजमधलेच, प्रती काढण्याआधी मशीनची ओळख पुसणारे साधन) चालवा, 'जनरलाइज' वर खूण करा आणि 'शटडाउन' निवडा. ते बंद झाल्यावर पुन्हा सुरू न करता क्लोन काढा. क्लोन करताना नवा मॅक पत्ता द्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'हार्डवेअर यूयूआयडी तोच ठेवा' ही खूण काढलेली असू दे.

चूक होऊनच गेली असेल तर प्रत्येक प्रतीत एसएलएमजीआर, तिरकी रेघ, रीआर्म आणि रीस्टार्ट. मी तीस वेळा केले.

*तपासा:* दोन प्रतींवर डीएलव्ही आदेश द्या आणि 'क्लायंट मशीन आयडी' शेजारी-शेजारी ठेवून वाचा. सारखा असेल तर थांबा.

केएमएसचे अ‍ॅक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि मशीन दर सात दिवसांनी ते ताजे करू पाहते. घरून काम करणाऱ्याने व्हीपीएन फक्त होस्टवर लावला तर आतले मशीन कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोचेलच असे नाही. व्हीपीएन आतच लावून एटीओ चालवून बघा.

टप्पा ७: दुसऱ्या पीसीवर नेताना

इथे ठसा तोच राहायला हवा, म्हणजे क्लोनच्या नेमके उलट.

व्हीएमवेअर नव्या जागी पहिल्यांदा विचारते: हलवले की कॉपी केले? 'मी हलवले' म्हणा. 'कॉपी केले' म्हटले की नवा यूयूआयडी, नवा मॅक पत्ता आणि अ‍ॅक्टिव्हेशनला रामराम. घाईत बहुतेक जण कॉपीच दाबतात, कारण पेन ड्राइव्हवरून त्यांनी खरोखरच कॉपी केलेले असते.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये फक्त डिस्कची फाइल उचलून नवे मशीन बनवू नका. अख्खा फोल्डर न्या आणि 'अ‍ॅड' ने जुनेच मशीन जोडा.

हायपर-व्हीत एक्स्पोर्ट करा आणि इम्पोर्टच्या वेळी 'नवा युनिक आयडी' हा पर्याय टाळा. टीपीएम असलेले मशीन दुसऱ्या होस्टवर सुरूच होत नाही, कारण त्याची किल्ली जुन्या होस्टच्या प्रमाणपत्रांत असते. जुना पीसी फॉरमॅट करण्याआधी 'शील्डेड व्हीएम लोकल सर्टिफिकेट्स' मधली दोन्ही प्रमाणपत्रे खाजगी किल्लीसह काढून नव्या होस्टमध्ये घाला. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी कीही हाताशी ठेवा.

जुन्या पीसीवरची प्रत बॅकअप म्हणून ठेवायला हरकत नाही, पण दोन्ही प्रती चालवू नका.

अडलेच तर

संदेशाची शेवटची अक्षरे बघा, सुरुवात जवळजवळ सारखीच असते.

सी००४एफ०५०: की चुकीची टाइप झाली किंवा एडिशन जुळत नाही. टप्पा ४ कडे परत.

सी००४सी००३: सर्व्हरने की बंद केली आहे. विक्रेत्याशी बोला, पुन्हा पुन्हा टाकून काही होत नाही.

सी००४सी००८: ही की ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त वेळा वापरली गेली आहे. जुन्या यंत्रावर ती अजून आहे का बघा. नसेल तर बिल घेऊन मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टशी बोला.

सी००४एफ०७४: केएमएस सर्व्हर सापडला नाही. व्हीपीएन, घड्याळ, पोर्ट १६८८, याच क्रमाने तपासा.

सी००४एफ२११: हार्डवेअर बदलल्याचे विंडोजला वाटते आहे. आधी कागदावरचा मॅक पत्ता आणि आताचा पत्ता ताडून बघा. वेगळा असेल तर मशीन बंद करून जुना आकडा परत भरा आणि पुन्हा सुरू करा. यूयूआयडी बदलला असेल तर मूळ फोल्डरमधूनच मशीन परत जोडा. तेही शक्य नसेल तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावरचा ट्रबलशूटर उघडा, 'नुकतेच हार्डवेअर बदलले' निवडा, त्याच खात्याने आत जा आणि यादीतले जुने नाव निवडा. टप्पा ४ मध्ये संगणकाला नाव दिले नसेल तर या यादीत सगळी 'डेस्कटॉप' आणि पुढे अगम्य अक्षरे अशीच दिसतील, आणि त्यातले आपले कोणते हे ओळखत बसावे लागेल.